पातं जोडताना

डोळे मिटायची गरज नाही. हात मांडीवर सैल ठेवा आणि समोर बघा.

नोव्हेंबरची सकाळ आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं एक गॅरेज. बाहेरची माती गोठून कडक झाली आहे, बर्फ अजून पडायचा आहे. समोर एक छोटा, हिरवा, जुना ट्रॅक्टर उभा आहे: जॉन डिअर ११०. हे मॉडेल १९६३ साली निघालं, याच राज्यातल्या होरिकॉनच्या कारखान्यात. पहिल्या वर्षी त्याला कोहलरचं ७ अश्वशक्तीचं इंजिन होतं. एवढ्याशा ताकदीवर, पुढे जोडलेल्या पात्याने बर्फ ढकलत, तो घरापुढची वाट मोकळी करणार आहे.

किल्ली काढा. स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला वळवा. आता हे यंत्र आपणहून हलणार नाही. खांदे खाली सोडा.

पोटाखालचं गवत कापायचं डेक आधी काढायचं. ते ओढून बाहेर घेतलं, की आतल्या बाजूला चिकटलेलं वाळकं गवत दिसेल. थोडं खरवडून हातात घ्या, वास घ्या. एवढा उन्हाळा पुरे.

आता पातं जोडायच्या पिना. एखादी गंजून अडकलेली असेलच. तेल सोडा आणि थांबा. हातोडी शेजारी पडू द्या. एका हिवाळ्याच्या तोंडावर मी घाईने ठोकाठोक केली होती. पिन निघाली, पण भोक लांबट झालं आणि मार्चपर्यंत पातं खडखडत राहिलं. म्हणून सांगतो, तेलाला रात्रभर वेळ द्यावा लागला तरी द्या. गंजात तेल सावकाशच मुरतं.

पातं साडेतीन फूट रुंद आहे. ते एकट्याने उचलू नका. फळीवर ठेवून सरकवत आणा. त्याच्या मागे लोखंडी दांड्यांची जोडचौकट आहे, तिच्यापाशी जरा बसू या. ती कुठे जाते ते बोटाने माग काढत बघा. पुढच्या आसाला ती आपला भार देत नाही. पोटाखालून मागे जाते आणि ट्रॅक्टरच्या मुख्य सांगाड्याला धरते. पुढचा आस वळण्यासाठी आहे, ढकलण्याचा मार खाण्यासाठी नाही. बर्फाचा ढीग पात्यावर रेटा देईल, तो रेटा या दांड्यांतून मागे, जिथे वजन आहे आणि चाकं जमीन धरून आहेत, तिथवर पोचेल. हा रस्ता मनात दोनदा चाला. पात्यापासून मागच्या चाकापर्यंत. मग उलट. तो जिथे तुटेल, तिथेच ट्रॅक्टर मोडेल. म्हणून प्रत्येक जोडावर हात ठेवा, पिन पूर्ण आत गेली आहे ना, तिला निसटू न देणारी आर-पिन बसली आहे ना, बघा. भोक मोठं झालं असेल तर वॉशर घाला.

पात्यामागच्या स्प्रिंगा हाताने दाबून बघा, हलणार नाहीत. वाटेत दगड किंवा फरशीची उंच कड लागली, की पातं पुढे झुकतं, अडथळ्यावरून जातं आणि स्प्रिंगांमुळे परत उभं राहतं. तोवर ते ताठच.

खालची धार वेगळ्या पट्टीची आहे. ज्याने कुळवाची फास पाहिली आहे, त्याला ती ओळखीची वाटेल: तीही घासत जाते, झिजते आणि बदलता येते. खडीची वाट असेल, तर दोन्ही टोकांचे घसरपाय खाली करून धार बोटभर वर ठेवा, नाहीतर बर्फाबरोबर खडीही जाईल.

मागे वजन हवं, चाकांना साखळ्या हव्यात. त्याशिवाय नुसतं पातं जोडणं व्यर्थ आहे. चाकं जागच्या जागी फिरतील.

आता उचलायची दांडी ओढा. पातं वर येतंय, सावकाश. वर आलं तरी त्याखाली हात किंवा पाय घालू नका. आधी लाकडाचे ठोकळे सरकवा. दांडी सोडा. खाली टेकल्याचा आवाज ऐका. पुन्हा एकदा वर, पुन्हा खाली. ऐकत राहा, कुठे काही घासतंय का.

पहिला बर्फ पडेल तेव्हा ढीग वाटेच्या कडेला सोडू नका, बराच पलीकडे ढकला. इथे तो थेट वसंतापर्यंत तसाच राहतो आणि पुढच्या प्रत्येक बर्फाला तिथेच जागा लागते.