किरकिऱ्या धाकटा

दोघे सख्खे भाऊ. दोघांनाही मधुमेह, २०२१ च्या एप्रिलमध्ये दोघांनाही कोरोना, दोघांनाही स्टेरॉइडची इंजेक्शनं.

थोरल्याची गावात कीर्ती सोसण्याबद्दल. पायात फाळ घुसला तरी औत न सोडलेला गडी. धाकटा मात्र किरकिऱ्या. आमटीत मीठ कमी पडलं तरी ते साऱ्या आळीला कळायचं.

मे महिन्यात थोरल्याची वरची दाढ हलू लागली. त्याने लवंग धरून दिवस काढले. मग डोळ्याखाली सूज आली, एकाचे दोन दिसू लागले. "अशक्तपणा आहे, उतरेल," म्हणाला. दवाखाने भरलेत, त्यात आपली भर कशाला, हाही त्याचा विचार. माणूस भला, दुसरं काय!

त्याच सुमारास दाढी करताना धाकट्याला ब्लेड लागलं. रक्त आलं, पण त्याला कळलंच नाही. गाल बधिर. त्याने घर डोक्यावर घेतलं. "अहो, सूज तरी आहे का कुठं?" बायको म्हणाली. तरी मुलाला गाडी काढायला लावून तो जिल्ह्याला गेलाच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घातली. आत काळं पडलेलं. म्युकर.

"ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते," डॉक्टर म्हणाले. "रक्त अडलं की तिथलं मांस मरतं. मेलेल्या भागात औषध पोचणार कसं? म्हणून कापावं लागतं, काका. आणि साखर आधी आटोक्यात हवी."

वरचा अर्धा जबडा गेला. अँफोटेरिसिनची टंचाई, इंजेक्शनांसाठी मुलगा तीन जिल्हे हिंडला.

धाकट्याने वॉर्डातूनच फोन लावला, "दादा, ती दाढ आजच दाखव." दादा चार दिवसांनी गेला. बुरशी नाकापुरती असताना पकडली तर बरेच जण वाचतात. मेंदूत शिरली की फार थोडे. त्याची डोळ्यामागून मेंदूत पोचली होती. डोळा काढला, तरी तो वाचला नाही.

तेराव्याला जो तो म्हणे, "शेवटपर्यंत हूं की चूं नाही केलं." कौतुकच होतं ते.

धाकटा टाळूला पट्टी बसवून जेवतो, नाकात बोलतो. पट्टी टोचते, ही तक्रार घेऊन सारखा डॉक्टरांकडे जातो. बुरशी पुन्हा उलटू शकते, म्हणून डॉक्टर दर खेपेला दुर्बीण घालून बघतात.