मांजरीची हदीस आणि छतबीरचे सिंह

आठवीच्या वर्गात मांजरीची हदीस सांगत होतो. एका बाईने मांजर कोंडून ठेवली, खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खायला मोकळेही सोडले नाही. म्हणून ती जहन्नममध्ये गेली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कोंडली, पण पोटभर खायला दिले तर?" पोरे नुकतीच बोरिवलीची सिंह सफारी पाहून आली होती. "तर गुनाह नाही," असे म्हणून मी धडा पुढे नेला. बऱ्याच उलेमांनी या हदीसमधून हाच अर्थ काढला आहे. पण मला छतबीर आठवत राहिले.

चंदीगडजवळच्या या प्राणिसंग्रहालयात सर्कशीतले आफ्रिकी सिंह आणि आपले आशियाई सिंह यांचा संकर झाला. सफारीला सिंह मिळाले, लोक खूश झाले. एकाच रक्तात वीण होत संख्या 70-80 पर्यंत गेली. मग मागचे पाय लुळे पडू लागले, जखमा भरेनात. अखेर 2000 साली वीण थांबवली, नरांची नसबंदी केली. उरलेल्यांना मरेपर्यंत सांभाळायचे ठरले. ज्यांना हाडावरचे मांस तोडवत नव्हते, त्यांना हाडे काढून मांस दिले गेले.

म्हणजे पोटाची अट पाळली गेली. दुसरी अट, सोडून देण्याची? शिकार न शिकलेला प्राणी जंगलात उपाशी मरेल, आणि गीरमध्ये सोडावा तर तिथला शुद्ध वंश बिघडेल. तो दरवाजा आपण सिंह जन्मायच्या आधीच बंद केला होता.

काही म्हणतील, या निकामी जनावरांवर पैसा कशाला? गीरच्या सिंहांवर खर्च करा. गुजरातमध्ये 2025 च्या गणनेत 891 सिंह भरले. हा हिशेब मला पटत नाही. शंभर टक्के निकालासाठी कच्च्या पोराला नववीतच अडवणाऱ्या शाळाही असाच हिशेब करतात.

नसबंदीचे मात्र मन खाते. कुरआन जनावरांनाही आपल्यासारख्याच उम्मती म्हणतो. तरीही निर्णय मला योग्य वाटतो. तिकिटासाठी लुळे बछडे जन्माला घालणे हा अधिक मोठा जुल्म झाला असता. चूक माणसाची, वंश मात्र सिंहाचा संपला, एवढे खरे.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला हे सारे सांगितले. त्याने विचारले, "मग सर, आधी संकर होऊच का दिला?" मी म्हणालो, "आपल्याला बघायला सिंह हवे होते, बेटा."