हक्काची मागणी आणि क्षमेचा धर्म

कामावर असताना शरीराला इजा झाली, तर तिची भरपाई मागावी की मागू नये, हा प्रश्न वरवर पाहता वकिलाच्या कचेरीतला वाटतो. प्रत्यक्षात तो घराच्या ओसरीवर सुटतो किंवा तिथेच अडून राहतो. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांची चूल आज कारखान्यातील पगारावर पेटते. म्हणूनच या प्रश्नाचा नैतिक अंगाने विचार करणे अगत्याचे आहे.

असे समजा, की वसई पूर्वेच्या एखाद्या औद्योगिक गाळ्यात पॉवर प्रेस चालवणाऱ्या तीस वर्षांच्या तरुणाचा अंगठा यंत्राखाली सापडून तुटला. मालकाने त्याला स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेले, बिल भरले, महिन्याभराने घरी येऊन पन्नास हजारांचे पाकीट त्याच्या आईच्या हाती ठेवले आणि ‘बरा झालास की ये, तुझी जागा तुझीच आहे’ असा धीर दिला. माणूस दुष्ट नाही. कदाचित रविवारी त्याच चर्चमध्ये मिस्साला येणारा असेल. अशा माणसाकडे भरपाई मागणे म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणे, असे त्या घराला वाटते. या भावनेत कृतज्ञता आहे आणि तिचा मान राखायला हवा. परंतु कृतज्ञता आणि न्याय यांची गल्लत झाली, की दोहोंचीही हानी होते.

आपल्या देशात १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. या कायद्याने एक मोठे तत्त्व रुजवले: अपघात कामामुळे आणि काम करीत असताना झाला, तर मालकाचा दोष सिद्ध करण्याची गरज नाही. ज्या कामातून नफा होतो त्याच कामातून धोकाही निर्माण होतो. तेव्हा यंत्राच्या झिजेप्रमाणे माणसाच्या इजेचा खर्चही धंद्याच्या खर्चात धरला पाहिजे. ‘चूक माझीच होती, माझेच लक्ष नव्हते’ असे म्हणून अनेकजण गप्प बसतात. पण थकलेल्या माणसाचे लक्ष क्षणभर ढळणे आणि त्याने मद्य पिऊन यंत्रावर बसणे यांत कायद्यानेही फरक केलेला आहे.

आता हिशेब पाहू. जुन्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावणे म्हणजे कमाईच्या क्षमतेची तीस टक्के हानी, असे नमूद होते. १५,००० रुपये मासिक वेतनाचे साठ टक्के म्हणजे ९,००० रुपये. त्याला तीस वर्षांच्या वयासाठी ठरवलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणून त्याचे तीस टक्के काढले, तर ५,६१,५४६ रुपये होतात. उपचाराचा खर्च मालकाने द्यावा, हेही २००९ च्या दुरुस्तीत आले. म्हणजे इस्पितळाचे बिल हा उपकार नव्हता, ते देणे होते. उपकार होता तो स्वतः गाडीत घालून नेण्यात, घरी येऊन विचारपूस करण्यात. त्याबद्दल आभार जरूर मानावेत. मात्र आभाराच्या बदल्यात पाच लाखांचे देणे फिटत नाही. आणि कामगार राज्य विमा योजनेखाली नोंद असेल, तर हा लाभ महामंडळाकडून मिळतो. तिथे मालकाचा संकोच बाळगण्याचे कारणच उरत नाही.

श्रद्धावंताच्या मनात यापुढचा प्रश्न उभा राहतो. करिंथकरांस लिहिताना संत पौलाने बंधू बंधूला न्यायासनासमोर खेचतो याबद्दल खेद केला आणि त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असे विचारले. हा प्रश्न टाळता येणार नाही. परंतु हाच पौल फिलिप्पै येथे फटके खाऊन तुरुंगात पडला होता आणि अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप सोडू पाहिले, तेव्हा त्याने नकार दिला; त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा रोमी नागरिकाचा हक्क सांगितला. सूड त्याला नको होता. अन्याय झाकून जाऊ नये, एवढेच हवे होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झरचेन्स’ या परिपत्रकात कामावरील अपघाताविरुद्धच्या विम्याची गणना कामगाराच्या हक्कांत केली आहे.

तरीही एखाद्याने हक्क सोडून द्यावा का? सोडता येईल, पण क्षमा करायची, तर देणे किती आहे हे आधी दोघांनाही ठाऊक हवे. न मोजलेले देणे माफ होत नाही, ते नुसते विसरले जाते. शिवाय तो अंगठा एकट्याचा नव्हता. त्यावर पत्नीचा संसार आणि मुलांचे शिक्षण उभे होते. दुसऱ्याच्या ताटातले दान करण्याचा अधिकार कोणालाही नाही. हक्क सोडल्याचा करार १९२३ च्या कायद्याने मुळातच रद्दबातल ठरवला, त्यामागेही हीच जाण होती: गरजवंताची सही ही स्वेच्छेची सही नसते.

आणखी एक माणूस विसरू नये. तो उद्या त्याच प्रेसवर बसणार आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही, अशी सोय करता येते. तिला पैसे लागतात. अपघात पन्नास हजारांत मिटत असेल, तर ती सोय करण्याची घाई कोणाला होईल?

मागणाऱ्यावरही बंधने आहेत. इजा वाढवून सांगू नये, खोटा साक्षीदार उभा करू नये. प्रथम मालकाला भेटून हिशेब शांतपणे समोर ठेवावा. तो ऐकत नसेल, तरच दावा करावा, मात्र त्याची मुदत निघून जाऊ देऊ नये. आणि ‘जाऊ द्या, मिटवून टाका’ असा सल्ला देणाऱ्या आपण शेजाऱ्यांनी व धर्मग्रामाच्या वडीलधाऱ्यांनी तो देण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे, की या शांततेची किंमत आपण भरतो आहोत, की त्या घराला भरायला लावतो आहोत.