निवारा कोणासाठी?

आमच्या फाट्यावर एक प्रवासी निवारा आहे. गोंदिया जिल्ह्यात गावोगाव असतात तसाच तो आहे. त्याच्याविषयी दिवाळी अंकात लिहावे असे त्यात वरवर काही नाही. परंतु गेली काही वर्षे तो मला एक प्रश्न विचारीत आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून मला त्याच्यासमोरून जाववत नाही.

माझ्या लहानपणी त्या जागी चिंचेचे झाड होते व त्याच्याभोवती मातीचा पार होता. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी त्या वेळच्या अहमदनगरहून पुण्यास गेली, तेव्हा आमचा भंडारा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होता. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. आणि गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. राज्ये बदलली, गाड्यांचे रंग बदलले, चिंच मात्र तेथेच होती. तिची सावली सरके तशी माणसे सरकत. झाडाखाली बसण्यास कोणाची परवानगी लागत नसे. अर्थात झाडाचे गुणगान पावसाळा लागेपर्यंतच. आषाढातल्या सरीत चिंच आणि छत्री यांत छत्रीच बरी.

म्हणून पुढे विटांची खोली आली. तीन भिंती, वर कवेलूचे छप्पर, आणि तिन्ही भिंतींना लागून हातभर रुंदीचा सिमेंटचा ओटा. या ओट्यावर मांडी घालून बसता येई, गाठोडे ठेवता येई, पोर निजवता येई. रोवणीहून परतणाऱ्या बाया तेथे पाठ टेकीत. त्या खोलीतही दोष होतेच. आत अंधार असे. बसलेला माणूस ड्रायव्हरला दिसत नसे, म्हणून गाडीची वेळ झाली की सारे पुन्हा उन्हात. दुपारी पत्त्यांचा डाव बसला की बायामाणसे आत पाऊल टाकीत नसत. सावली होती, पण ती अर्ध्या गावाची.

इतर गावी त्यानंतर स्लॅबचे निवारे झाले. १९९३ साली खासदारांच्या स्थानिक विकास निधीची योजना सुरू झाली. आमदारांचाही निधी असतोच. मग निवाऱ्याच्या कपाळी नावे आली. कोठे कोठे नावाची अक्षरे बाकापेक्षा लांब असतात. त्याला हसणे सोपे आहे. पण नाव लावण्याची हौस आजची नव्हे. रस्त्याकडेला माणसांना व जनावरांना सावली व्हावी म्हणून आपण वड लावले, हे सम्राट अशोकानेही स्तंभावर कोरून ठेवले आहे. नावाने सावली उणी होत नाही. प्रश्न नावाचा नाही. बांधणाऱ्याने आत कोण बसेल असे मनात धरले होते, याचा आहे.

शहरांत निराळाच धंदा झाला. फ्रान्समधील ल्यों शहरात १९६४ साली जाहिरातींच्या उत्पन्नावर बसथांबे उभारण्यात आले आणि ती रीत जगभर पसरली. तेथे भिंत ही रस्त्यावरून जाणाऱ्याने वाचावयाची वस्तू झाली. लंडनच्या कॅमडेन भागात तर २०१२ साली सिमेंटचे असे बाक बसविले, की त्यांच्या उतरत्या बाजूंवर टेकता येते, निजता येत नाही. बाक बनविणाऱ्याने बसणाऱ्याचा विचार थोडा व निजणाऱ्याचा फार केला होता.

आता माझ्याकडे येतो. कारण लंडनला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

२०१६ साली आमच्या खोलीत एक वेडसर माणूस राहू लागला. ओट्यावर निजे, तेथेच घाण करी. दुर्गंधी खोटी नव्हती, बायांची भीतीही खोटी नव्हती. खोली पाडून नव्या तऱ्हेचा उघडा निवारा बांधावा, असा अर्ज झाला. “गुरुजी, तुमची सही झाली म्हणजे काम झालं जी,” असे पोरे म्हणाली. मी सही केली. वर पत्रा, चार खांब, आणि बसण्यास तीन समांतर लोखंडी नळ्या असा निवारा उभा राहिला. त्यावर कोणीही निजू शकत नाही. तो माणूस कोठे गेला, हे आम्ही विचारले नाही.

मे २०२० मध्ये टाळेबंदी होती. देवरीवरून पूर्वेकडे जाणाऱ्या महामार्गाने मजूर पायी छत्तीसगडकडे निघाले होते. त्यांतले काही आमच्या फाट्यावरूनही गेले. आम्ही पाण्याच्या घागरी घेऊन उभे होतो. एका बाईच्या कडेवर पाचसहा महिन्यांचे मूल निजलेले होते. ते खाली ठेवावे म्हणून तिने निवाऱ्यात जागा पाहिली. नळ्यांना हात लावला नि चटकन मागे घेतला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मग जमिनीकडे पाहिले. तेथे गिट्टी होती. मूल तसेच कडेवर ठेवून ती उभ्यानेच पाणी प्याली व चालू लागली.

तिने काही म्हटले नाही. पण एका माणसाला उठविण्यासाठी केलेली माझी सही त्या मुलाच्या अंथरुणावर पडली होती, हे मला तेव्हा दिसले.

निवारा हा शब्द निवारणे यातून आला आहे. ऊन निवारावे, पाऊस निवारावा. माणूस निवारावा असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. वाईट वागणाराला नजरेसमोर ठेवून आपण वस्तू घडवितो, आणि शिक्षा मात्र थकलेल्याला होते; कारण वाईट वागणारा दुसरी जागा शोधतो, थकलेल्याला दुसरी जागा नसते. यावर कोणी म्हणेल, मग काय दुर्गंधी सोसावी? नाही. रस्त्याकडची बाजू उघडी ठेवावी, आत दिवा लावावा, रोज झाडलोट करावी, वेडसर माणसाची सोय लावावी. ही कामे रोजची आहेत, कंटाळवाणी आहेत. नळ्या एकदाच बसवाव्या लागतात. आम्ही सुरक्षितता निवडली असे समजत होतो. वस्तुतः निवडली ती आमची सवड.

यंदा धान कापणीला येण्यापूर्वी मी दुसरा अर्ज लिहिला आहे : नळ्या काढून हातभर रुंदीचा ओटा बांधावा, आणि एका बाजूस चिंचेचे रोप लावावे. सह्या गोळा करताना एकाने विचारले, “आणि तो परत येऊन निजला तर, गुरुजी?”

मी म्हणालो, “तर या वेळी आधी त्याचे नाव विचारू.”

त्याने थोडा विचार केला, आणि सही केली. अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे.