नाण्याचे मोल आणि मौनाचे मोल

काही वर्षांपूर्वी सांगलीच्या सराफ कट्ट्यावर एका पेढीत आम्ही बसलो होतो. काम क्षुल्लक होते. घरातली तुटलेली साखळी सांधून घ्यायची होती. आमच्या शेजारी खानापूरकडच्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडून चांदीचे दहा रुपये गादीवर ठेवले. "राणीछाप हायती, बघा," त्या म्हणाल्या. सराफाने ते ओळीने मांडले. सहा राणीछाप होते, चार राजाछाप. त्या चारांपैकी एकावर आमची नजर खिळली. तो पंचम जॉर्जचा, १९११ सालचा रुपया होता.

"मावशी, एवढा एक आम्हाला द्याल का? चांदीचे जे होतील ते देतो."

"घ्या की. आटवायलाच आणल्यात."

सराफाने वजन करून भाव सांगितला, आम्ही पैसे दिले. संग्रह करणारे त्या नाण्यासाठी चांदीच्या भावाच्या कितीतरी पट मोजतात, हे आम्हाला ठाऊक होते, बाईंना नव्हते. सराफ काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही. बाईंनी मात्र आम्हाला आशीर्वाद दिला. त्या आशीर्वादाने आमचा पुढे फार छळ केला.

त्या रुपयात विशेष काय, असे वाचक विचारतील. धातूच्या दृष्टीने काहीच नाही. १८३५ पासून चालत आलेल्या वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा असा तो रुपया. दोष होता तो चित्रात. राजाच्या झग्यावरील साखळीत हत्ती कोरला होता. तो इतका आखूड सोंडेचा उतरला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने ती नाणी मागे घेऊन बहुतेक आटवली आणि १९१२ पासून नीट हत्तीचा ठसा आणला. चांदी गुंजभरही कमी नसता केवळ छापासाठी नाणे रद्द व्हावे, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. १९४० मध्ये जेव्हा रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली, तेव्हा राजाचे चित्र जसेच्या तसे होते. म्हणजे एकदा धातू शाबूत राहून मुद्रा नापास झाली, आणि एकदा मुद्रा शाबूत राहून धातू उतरला.

नाण्याचे मोल धातूत की मुद्रेत, हा वाद आपल्या भूमीला नवा नाही. शिवछत्रपतींनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन पाडला. तीन ग्रॅमहून थोडा कमी असा तो चिमुकला तुकडा. त्यावर मुखवटा नाही. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' एवढीच अक्षरे. त्या अक्षरांनीच राज्य उभे असल्याची द्वाही फिरवली. पुढे साताऱ्याची गादी झाली, पेशवाई आली. पण मराठ्यांच्या टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयांवर बराच काळ दिल्लीच्या बादशहाचेच नाव राहिले. सत्ता एकाची, नाव दुसऱ्याचे. टांकसाळी अनेक, कस निरनिराळे. म्हणून नाणे पारखायला पोतदार लागत आणि एका पेठेचा रुपया दुसऱ्या पेठेत मोडताना बट्टा द्यावा लागे. आज आपण माणसाच्या नावाला बट्टा लागला असे म्हणतो, तो शब्द सराफाच्या चौपाईवरचा आहे.

याहून नवलाची कथा पुतळीची. आपल्याकडील जुन्या घरांत पुतळ्यांची माळ असते. त्या गोल चकत्या मुळात कोठल्या? व्हेनिस नगरराज्याने १२८४ पासून १७९७ पर्यंत, पाचशे वर्षांहून अधिक काळ, साडेतीन ग्रॅम वजनाचे जवळजवळ शुद्ध सोन्याचे डुकाट नाणे पाडले. वजन बदलले नाही, कस बदलला नाही. मसाल्याच्या आणि कापडाच्या व्यापारातून ते हिंदुस्थानात आले आणि येथेच राहिले. त्याच्या एका अंगास नगराचा अधिपती संत मार्कपुढे गुडघे टेकून आहे. दुसऱ्या अंगास ताऱ्यांच्या वलयात प्रभू येशू उभा आहे, आणि हे राज्य तुझेच आहे अशा अर्थाची लॅटिन अक्षरे सभोवती आहेत. आकृत्यांवरून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले. मग येथील सोनारांनी त्याच्या नकला केल्या. लॅटिन न जाणणाऱ्या हातांनी अक्षरांच्या रेघोट्या झाल्या, आकृत्या काडीसारख्या झाल्या, आणि पाहणाराने त्यांत आपापला देव पाहिला. आमच्या मनात येते, कित्येक आयाबाया नकळत प्रभूची प्रतिमा गळ्यात घालून मंगळागौर खेळल्या असतील. यात हसण्यासारखे काही नाही, आणि आपण विजय मानावा असेही काही नाही. सोने खरे होते म्हणून प्रतिमा पुसट झाली तरी पुतळी चालली.

आणि हे सारे शेवटी जाते कोठे? मुशीत. या बाबतीत सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचे नाव घ्यावे लागेल. विटा, खानापूर, आटपाडी, तसेच खटाव, माण हा सारा दुष्काळी टापू. पाऊस पोटापुरताही पडेना, तेव्हा येथील तरुण सोनेचांदी गाळण्याचा धंदा शिकून बाहेर पडले. आज केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेतील शहरांपर्यंत सराफ बाजाराच्या मागल्या गल्लीत गलाईचे दुकान दिसले तर तो गाववाला निघण्याचा संभव मोठा. हिणकस सोन्यात मुद्दाम चांदी मिसळायची, रस पातळ करून तेजाबात टाकायचा. चांदी विरघळते, सोने तळाशी राहते. मग तांब्याचे पत्रे घालून चांदीही परत काढायची. पिवळसर धूर छातीत जातो. त्या धुरावर गावाकडची माडीची घरे उभी आहेत. मुशीपुढे राणी काय आणि राजा काय. तीत चेहरा उरत नाही, फक्त कस उरतो. या माणसांनी किती होन, किती पुतळ्या आटवल्या असतील याचा विचार करून आम्ही पूर्वी हळहळत असू. आता तितके हळहळत नाही. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याने इतिहास जपावा, हा उपदेश पोट भरलेल्याने करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आम्ही बाईंना फसवले का? आमच्यातल्या वकिलाची बाजू अशी: चांदी चांदी म्हणून घेतली, वजन खरे, भाव खरा. मुशीने दिले असते तेवढे आम्ही दिले. उलट नाणे वाचवले.

तेरावे शतक सरण्यापूर्वीच संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न खरेदीविक्रीच्या प्रकरणात उचलला आहे. विकणारा अजाणतेपणी सोने पितळ समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर ती खरेदी अन्यायाची आहे आणि घेणारा भरपाईस बांधलेला आहे, असे ते स्पष्ट म्हणतात. पण तेथेच ते दुसरे उदाहरण देतात. दुष्काळी मुलखात एक व्यापारी धान्य घेऊन येतो. मागून आणखी धान्य येत आहे हे त्याला माहीत आहे. तो ते न सांगता चालू भावाने विकतो. त्याने न्याय मोडला असे म्हणता येत नाही. सांगितले असते तर मात्र सद्गुण अधिक, एवढेच. आमचे नाणे यांपैकी कोणत्या उदाहरणात बसते? पितळेच्या की धान्याच्या?

पुष्कळ दिवस आम्ही धान्याच्या उदाहरणात आसरा घेतला. नंतर ध्यानात आले की तो आसरा संग्राहकाला मिळत नाही. ज्याने त्या नाण्याकडे पाहून श्वास रोखला, त्याने त्याच क्षणी कबूल केले की ही नुसती चांदी नाही. आपल्या मनात मुद्रेची किंमत धरायची आणि दुसऱ्याच्या हातावर धातूची ठेवायची, हे सोने पितळ म्हणून घेणेच झाले.

शेतात सापडलेल्या ठेव्याचा दाखलाही आम्ही स्वतःस देऊन पाहिला. मत्तयलिखित शुभवर्तमानातील तो माणूस ठेवा पुन्हा लपवतो आणि गुपचूप शेत विकत घेतो. प्रभू त्याला दोष देत नाही. (आज तसे केले तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने दहा रुपयांवरील ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो, हे असो.) पण त्या माणसाने आपले सर्वस्व विकले. आम्ही काय विकले? साखळी सांधायला आणलेल्या पैशांतून चिल्लर दिली. संत लूक सांगतात त्या स्त्रीचे दहांतले एक नाणे हरवले, तेव्हा तिने दिवा लावून घर झाडले. या बाईंचेही दहांतले एक आमच्या खिशात गेले होते आणि ते हरवले आहे हे त्यांना कळलेसुद्धा नव्हते. दिवा त्यांनी कशासाठी लावावा?

सराफाकडून गावाचे नाव मिळाले. दिवाळीनंतर आम्ही गेलो. बाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. नातू गलाईच्या धंद्यात दक्षिणेत होता, सणाला आलेला. आम्ही सर्व सांगितले आणि नाणे व वरचे पैसे दोन्ही पुढे ठेवले. त्यांनी काय ठेवावे ते त्यांनी ठरवावे म्हणून. नातवाने सवयीने नाणे जोत्यावर वाजवले, तळहातावर तोलले. आम्ही भिंग दिले. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "हत्तीच हाय की ह्यो."

बाईंनी पैसे मोजून गाठीत बांधले. नाणे मात्र बोटाने आमच्याकडे सरकवले. "ह्यो इकलाय म्या. आता तुमचा." मग शेंगांकडे वळता वळता म्हणाल्या, "तवाच का न्हाई बोलला?"

अक्वायनस आम्हाला पाठ होते. आम्ही काही बोललो नाही. त्यांनी आत चहा सांगितला.