चवदार शब्द

गेल्या महिन्यात अभ्यासवर्गाला माझी वही एका मित्राच्या हाती लागली. मित्र कडवा कार्यकर्ता आहे. मोर्चात पुढं असतो, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्यात त्यानं. त्याला वाटलं वहीत कविता असतील. तर पानंच्या पानं इंग्रजी शब्द, एकाखाली एक, पुढं मराठीत अर्थ. दोनचार त्यानं मोठ्यानं वाचले. गॉसमर. पेट्रिकोर. सेरेंडिपिटी. मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काय रे, कुठल्या सायबाच्या घरी जेवायला निघालास हे शब्द घेऊन? वस्तीतल्या नळाला पाणी नाही आणि तू शब्दांची अत्तरं हुंगत बसलास."

सगळे हसले. मीपण हसलो. रातपाळीला गेलो तेव्हा हसू गेलं होतं, प्रश्न राहिला होता. तोंडी उत्तर देता आलं नाही म्हणून लिहितो आहे. प्रश्न असा, की ज्याच्या माणसांना अजून माणूस म्हणून जगायला झगडावं लागतं, त्यानं नुसत्या गोडीसाठी शब्द गोळा करावेत का? की ती चैन झाली, आणि आपल्यासारख्यानं चैन करणं म्हणजे फितुरी?

आधी ही गोडी काय असते ते सांगतो. मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. शाळा दहावीत सुटली. इंग्रजी शिकलो ते रद्दीतून आणलेल्या डिक्शनरीवर. तिची ए आणि बी ची पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळं माझं इंग्रजी सी पासून सुरू होतं.

आमच्या खात्यात कापसाचे बारीक तंतू सारखे उडत असतात. भुवयांवर, पापण्यांवर बसतात. ट्यूबलाईटखाली उभं राहिलं की दिसतात. वर्षभर मी ते बघत होतो आणि त्याला कचरा म्हणत होतो. एका रात्री जेवणाच्या सुट्टीत जी च्या पानावर गॉसमर सापडला. कोळ्याच्या जाळ्याचा, हवेत तरंगत जाणारा तंतू. कोशकार म्हणतात, हा शब्द गूस आणि समर मिळून झाला असावा. गूस म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी, समर म्हणजे उन्हाळा. इंग्लंडात नोव्हेंबरात, थंडीच्या तोंडावर, चारदोन दिवस ऊन पडतं. तेव्हा हे पक्षी कापून खायचा हंगाम असतो, आणि तेव्हाच शेतांवरून कोळ्यांचे तंतू तरंगताना दिसतात. पुढं तलम कापडालाही तोच शब्द लावला गेला.

भोंगा झाला, मी परत फ्रेमवर आलो आणि वर बघितलं. तंतू तेच, मुकादम तोच, पगार तोच. पण आतापर्यंत जे नुसतं नाकात जात होतं ते मला दिसलं. अंगावर काटा आला. गोडी म्हणतो ती ही. जास्त काही नाही, कमीपण नाही.

त्या दिवशी वर्गातले काहीजण माझ्या बाजूनं बोलले. इंग्रजीनं नोकरी लागते, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, कोर्टाची भाषा इंग्रजी, ती आली नाही तर आपली केस दुसराच कुणी बोलणार. तिसऱ्यानं सावित्रीबाईंचं नाव घेतलं. १८५४ सालच्या 'काव्यफुले'त त्यांनी इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिल्या. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेच्या मुळावर घाव घातला तो निबंधसुद्धा इंग्रजीतच. सगळं खरं आहे. पण दोस्तहो, ही सगळी उपयोगाची उत्तरं झाली. माझ्या वहीला ती लागू पडत नाहीत. पेट्रिकोरनं कुणाला नोकरी लागत नाही. कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडला की जो वास सुटतो, त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली हा शब्द घडवला. ग्रीक भाषेतला दगड आणि ग्रीक देवांच्या शिरांतलं रक्त, हे दोन शब्द जोडले. आपण देव मानत नाही. तरी शब्द गोड लागतो. त्याचं काय करायचं?

मी म्हणतो, आपल्याला जे आवडेल त्याचा उपयोग सिद्ध करून दाखवला पाहिजे, ही अट घातली कुणी? गावगाड्यानं आपल्याला ठेवलं ते उपयोगासाठीच. मेलेलं ढोर ओढायला, सांगावा न्यायला, लाकूड फोडायला. ज्याचा उपयोग नाही असं काही तुझ्याकडं असता कामा नये, हा त्यांचा कायदा होता. ल्यायचं काय, गायचं काय, नाव कसं ठेवायचं, सगळ्यावर पहारा. आता तोच पहारा आपण आपल्याच माणसावर बसवायचा?

महाडच्या तळ्याचं नाव आठवा. चवदार. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा महाडला आले तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्याचा मतलब असा, की या पाण्यावाचून आपण काही मेलो नव्हतो आणि ते पिऊन अमर होणार नाही. इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवायला आपण तिथं जातो आहोत. म्हणजे लढा तहानेपुरता नव्हता. तहान कुठंतरी, कशीतरी भागत होती. ज्याला नावानंच चव आहे त्या पाण्यावरचा हक्क, तो लढा होता. मी गॉसमर हा शब्द जिभेवर ठेवतो तेव्हा मला वाटतं, हेही एक तळंच आहे. त्याच्यावाचून मी मरत नाही. पण मला तिथं जायचं आहे. ज्या माणसानं घटनेचा मसुदा केला त्यानंच पाली भाषेचा शब्दकोश करायलाही वेळ काढला होता, हे विसरू नका.

इथं थांबलो असतो तर मित्राला जिंकल्यासारखं झालं असतं. पण एक गोष्ट राहते आणि ती माझ्याविरुद्ध जाते.

चार वर्षांमागं बापाला दवाखान्यात नेलं. बापानं तीस वर्षं ब्लोरूममध्ये काढली. कापसाच्या गाठी फोडायच्या, कापूस मोकळा करायचा, ते खातं. सगळ्यात जास्त धूळ तिथं. सुट्टी संपून पहिल्या पाळीला गेला की त्याची छाती आवळायची. दुसऱ्या दिवशी जरा सैल व्हायची. पुढं पुढं रोजच आवळायला लागली. तपासणारे डॉक्टर शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला इंग्रजीत काहीतरी म्हणाले. त्यात एक शब्द होता, बिसिनोसिस. कागदावर मात्र नुसतं 'दमा' लिहून दिलं.

बाप भिंतीला टेकून खोकत होता. आणि मी काय करत होतो? मनात म्हणत होतो, काय शब्द आहे! बि-सि-नो-सिस. ओढ्याचं पाणी गोट्यांवरून गेल्यासारखा. विसरू नये म्हणून बॉलपेननं तळहातावर लिहिला. डिक्शनरीत बघणार तर बी ची पानं उंदरांच्या पोटात. दोन महिने मी तो अर्थाशिवाय तोंडात घोळवला. फ्रेमच्या तालावर म्हटला. मग एका वाचनालयात मोठा कोश मिळाला. अर्थ निघाला, कापसाची, जवसाची, अंबाडीची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेल्यानं होणारा छातीचा रोग. इंग्लंडच्या गिरण्यांत कामगार त्याला सोमवारचा ताप म्हणत, कारण रविवारच्या सुट्टीनंतर तो उठायचा. आणि मूळ ग्रीक शब्द बिसॉस, म्हणजे तलम वस्त्र. वस्त्र कुणाच्या अंगावर आणि धूळ कुणाच्या छातीत, ते त्या एका शब्दात विणलेलं होतं. माझ्या बापाचा रोग मी गाणं करून म्हणत होतो.

त्या दिवशी वही फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाही. शरम कशाची वाटते ते आधी बघू म्हटलं. शब्द कानाला गोड लागला याची? कान आहेत, गोड लागणार. शरम याची, की मी गोडीपाशी दोन महिने बसून राहिलो. कोश शोधायला तेव्हाच उठलो नाही.

तेव्हापासून मी वहीत एक रकाना वाढवला आहे. या शब्दात कोण आहे? शॉडी हा शब्द घ्या. उच्चाराला मजेदार. आज अर्थ हलकं, फसवं काम. मूळ अर्थ, जुन्या लोकरी चिंध्या फाडून पुन्हा कातलेल्या सुताचं कापड. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात यॉर्कशरच्या बॅटली गावात ते निघायचं. चिंध्या निवडणारे, फाडणारे, कातणारे सगळे शब्दातून बाहेर पडले. राहिली शिवी. आणि परायाह? केवढा लांब, हळुवार सूर आहे त्या शब्दाला. तमिळमध्ये परै म्हणजे वाद्य, चामड्याचं. ते वाजवणाऱ्या जातीचं नाव परैयर. गोऱ्यांनी ते नाव उचललं आणि कुणी जवळ करू नये असा बहिष्कृत माणूस या अर्थानं जगभर चालवलं. आजही पेपरवाले एखाद्या देशाला वाळीत टाकायचं तर हाच शब्द वापरतात. आपले तमिळ भाऊ त्या शब्दात कोंडलेले आहेत. इंग्रजीनं मुक्ती दिली म्हणणाऱ्यांनी पी ची पानं बघावीत. आणि मराठीनं आपल्या जाती म्हणींमध्ये कशा घातल्या, ते तुम्हाला काय सांगायचं.

म्हणून माझं उत्तर असं. गोडी घ्या, लाजू नका, तिचा हिशेब कुणाला देऊ नका. पण गोडी घेऊन तिथंच झोपू नका. शब्दाच्या घरात शिरलात तर मागच्या दारी कोण राबतंय ते बघून या. साहेब लोक शब्द हुंगतात आणि पुढं जातात. आपल्याला तसं परवडत नाही, कारण मागच्या दारी बहुतेक वेळा आपलंच माणूस भेटतं.

आता शेवटचं. गेल्या वर्षी युनियनच्या एका माणसाकडं १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याचं जुनं पुस्तक चाळत होतो. तिसऱ्या परिशिष्टात धंद्यामुळं होणाऱ्या रोगांची यादी होती. त्यात कापसाच्या धुळीपाशी कंसात माझा शब्द बसलेला. वळखीचा माणूस परगावच्या स्टँडवर भेटावा तसा. दमा कुणालाही होतो, विडीनं झाला असेल म्हणायला मोकळे. पण बिसिनोसिस म्हटलं की कापसाचं नाव घ्यावंच लागतं. पुन्हा तपासणी केली, अर्ज केला. परवा त्याचं स्मरणपत्र लिहिलं. लिहायला कोण होता? माझी वही वाचून हसणारा तोच मित्र. अक्षर त्याचं चांगलं. स्पेलिंग मी सांगितलं, वाय कुठं येतो ते. निकाल अजून नाही.

पण यातून असं तात्पर्य काढू नका की बघा, शेवटी शब्द उपयोगी पडला. परिशिष्टात तो नसता तरी वहीत राहिला असता.

घरी येऊन बापाला शब्द शिकवला. साहेबासमोर बोलायची वेळ आली तर यावा म्हणून. त्यानं दोनतीनदा जीभ वळवून बघितली. बिसी, बिशी... मग म्हणाला, "भिशी म्हण की सरळ. जन्मभर भरत आलो, आता मला लागली." आणि हसत सुटला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता परत हसला. आई पाणी घेऊन आली तर तिलाही सांगितलं, भिशी लागली म्हणून.

माझ्या बापानं डिक्शनरी हातात धरलेली नाही. तो विनोद मी वहीत लिहून ठेवला आहे, बी च्या पानावर.