मुद्रिका कोणाची?

अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलमध्यें जो संघ वर्षाअखेर अजिंक्य ठरतो, त्यांतील खेळाडूंस रत्नजडित सुवर्णमुद्रिका देण्याची चाल आहे. पुढील हंगामांत घरच्या क्रीडागृहांतील पहिल्या सामन्याच्या वेळीं, हजारों प्रेक्षकांदेखत, हा समारंभ होतो. मुद्रिका घडवून घेतो संघाचा मालक. आणि त्या केवळ खेळाडूंपुरत्या नसतात. प्रशिक्षक, कचेरींतील माणसें, स्वतः मालक व त्याचे कुटुंबीय यांच्याहि बोटांत त्या जातात. पुढें कधीं तरी यांतली एखादी, मालकाच्या घरांतून निघून, संग्राहकांच्या बाजारांत येते, आणि तेथें एक जुना प्रश्न नव्या वेषांत उभा राहतो. ज्यानें चेंडूस हात लावला नाहीं त्यास विजयाची मुद्रा शोभते काय? आणि ती त्याच्या मुलांनीं विकली, तर त्यांनीं नेमकें विकलें काय?

आमचा पहिला कल, खरें सांगावयाचें तर, उपहासाकडे होता. घाम एकाचा आणि अलंकार दुसऱ्याचा, हा न्याय जगांत नवा नाहीं. परंतु लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे मालक जेरी बस यांचें चरित्र पाहिलें म्हणजे हा उपहास थोडा ओशाळतो. हे गृहस्थ रसायनशास्त्राचे पीएच्. डी. (आमच्या व्यवसायबंधूंस तेवढेंच समाधान!), जमीनजुमल्याच्या व्यवहारांत त्यांनीं पैसा मिळविला आणि १९७९ सालीं हा संघ विकत घेतला. मॅजिक जॉन्सन या तरुण खेळाडूशीं त्यांनीं १९८१ सालीं २५ वर्षांचा, अडीच कोटी डॉलरांचा करार केला. २०१३ सालीं ते वारले, तोंपर्यंत त्यांच्या मालकींत संघानें दहा अजिंक्यपदें मिळविलीं होतीं. हा सारा योगायोग म्हणवेल काय? आपल्याकडील जुन्या देवळांच्या शिलालेखांत बांधविणाऱ्याचें नांव असतें, पाथरवटाचें क्वचितच. पाथरवटावर हा अन्याय खरा. पण म्हणून बांधविणाऱ्याचा वांटा शून्य ठरत नाहीं.

तेव्हां मालकाचा हक्क आम्ही मान्य करूं. अडचण आहे ती त्याच्या वारसांची.

करीम अब्दुल-जब्बार हे याच संघाचे थोर खेळाडू. सहा अजिंक्यपदें मिळविणाऱ्या या पुरुषानें २०१९ सालीं आपल्या चार मुद्रिका व इतर पुष्कळ चिजा लिलावांत काढल्या. सर्व मिळून सुमारें २९ लाख डॉलर आले, आणि त्यांतील बहुतेक रक्कम मुलांच्या विज्ञानशिक्षणासाठीं त्यांनींच स्थापिलेल्या संस्थेकडे गेली. यांत त्यांचें काय कमी झालें? कांहींच नाहीं. विजय त्यांच्या देहानें मिळविला होता. तो कोणत्याहि लिलावांत निघूं शकत नाहीं.

दुसरी गोष्ट मनास कष्ट देणारी आहे. कोबी ब्रायंट यांनीं २००० सालच्या विजयानंतर आपल्या मुद्रिकेसारख्याच मुद्रिका आईबापांस दिल्या. २०१३ सालीं आईनें मुलाच्या वस्तु लिलावास दिल्या, आणि त्या विकण्याचा अधिकार कोणाचा यावरून मायलेकांचा वाद न्यायालयाच्या दारीं गेला. पुढें तो आपसांत मिटला. वडिलांस दिलेल्या मुद्रिकेस २०२४ सालच्या लिलावांत ९ लाख २७ हजार डॉलर पडले. दिलेली वस्तु घेणाऱ्याची, हें कायद्यास समजतें. ती विकली जातांना देणाऱ्याच्या मनांत काय होतें, तें त्यास कळावयाचें नाहीं.

कालिदासाच्या नाटकांत धीवरास माशाच्या पोटांत राजाची मुद्रिका सांपडते. ती पाहतांच राजास शकुंतला आठवते. धीवरास कांहींच आठवत नाहीं, कारण आठवावयास त्याजपाशीं कांहीं नव्हतें. राजा त्यास मुद्रिकेच्या मोलाइतकें द्रव्य देतो, आणि तो तृप्त होतो. आमच्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. खेळाडूनें मुद्रिका विकली तर सोनें जातें, स्मरण त्याजपाशीं राहतें. मालकाच्या नातवाचें तसें नाहीं. त्या विजयाशीं त्याचा संबंध एवढाच, कीं त्याच्या घरांत ती डबी जपून ठेविलेली होती. डबी गेली कीं संबंधहि गेला. म्हणजे ज्याचा हक्क सर्वांत दुबळा, त्यानेंच ती विकूं नये, असा विपरीत निष्कर्ष निघतो. आम्हीं तो टाळण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, टळला नाहीं.

यावर कोणी म्हणेल, बस कुटुंबानें २०२५ सालीं संघाचीच बहुतांश मालकी विकली. संघाचें मोल सुमारें १० अब्ज डॉलर धरलें गेलें. त्याबद्दल नीतीचा प्रश्न निघाला नाहीं, मग बोटभर सोन्याबद्दलच हा काथ्याकूट कां? संघ विकत घेतला होता, म्हणून तो विकतां येतो. खेळाडूची मुद्रिका हा मान होता. मालकाची मात्र, आणि येथें आमची लेखणी अडखळते, त्यानें स्वतःच्याच पैशानें स्वतःसाठीं घडविलेली! तरीहि आम्हांस वाटतें, खेळाडूंच्या रांगेंत उभा राहून तो ती बोटांत घालतो त्या क्षणीं ती निव्वळ मालमत्ता राहत नाहीं. त्या रांगेंतली जागा त्यास इतरांच्या जिंकण्यानें मिळाली. पैसा ओतूनहि कधीं न जिंकलेले मालक थोडे नाहींत.

वारसाच्या घरीं आजारपण असेल, मुलाच्या शिक्षणाची अडचण असेल, तर हा सारा युक्तिवाद आम्ही मागें घेऊं. डबी उघडून बाजारांत नेणाऱ्या त्या हातास आम्ही दोष देणार नाहीं. तत्पूर्वीं ती कोणत्या वर्षींच्या विजयाची, आणि त्या वर्षीं कोण कोण खेळलें, एवढें त्यानें आपल्या मुलांस सांगितलें, तरी आम्हांस पुरें आहे.